आमची वाटचाल : अंडं पडतं कशावर

दुकानाच्या पाटीवर अजून फर्निचर वर्क्सच लिहिलेलं आहे, पण मागच्या काही वर्षांत आमच्याकडून दिवाण-कपाटं कमी आणि कोंबड्यांचे अंडी घालायचे खोके जास्त गेलेत, आणि खोक्यांच्या बरोबरीनं छिलक्याची (रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या पापुद्र्यांची) पोती. आम्ही उदगीरचे, सासरचा धंदा सुतारकीचा, मामांच्या (माझ्या सासऱ्यांच्या) हातचा. खोक्यांचं काम आमचे हे बघतात, आत काय टाकायचं ते मी बघते. तेच मला सांगायचंय, कारण खोका काय, कुणीबी चार फळ्या ठोकून करतं, पण अंडं ज्याच्यावर पडतं ते चुकलं की सगळंच चुकतं.

२०२० च्या लॉकडाऊनला फर्निचरच्या ऑर्डरी एकदम बंद पडल्या. पुण्याहून लोकं गावाकडं परत आलेले, रिकाम्या हातानं बसवत नव्हतं म्हणून कुणी वनराज जातीची कोंबडी आणली कुणी गिरिराज, कुणी घरच्याच गावरान वाढवल्या, आणि पाच-सहा महिन्यांनी कोंबड्या अंड्यावर आल्या तर अंडी कुठं सापडायची, तर कडब्याच्या गंजीत, तुराट्याच्या ढिगात, कुणाच्या तर मोटरसायकलच्या डिक्कीत! शेजारच्या काकू म्हणल्या एखादा खोका करून द्या की ओ. यांनी मशीनच्या पॅकिंगचं लाकूड पडलेलं होतं त्याचा बारा इंच लांब, बारा रुंद, बारा उंच असा करून दिला, पुढं चार इंचाची पट्टी म्हणजे अंडं बाहेर गडगडत येऊ नये. मग एकाचे दहा झाले, दहाचे पन्नास.

आणि मग फोन सुरू झाले. खोका चांगलाय पण कोंबडी आत जात नाही. आत जाते पण अंडं तडकतंय. आम्ही नुसती फळी देत होतो, आत काही टाका हे सांगतच नव्हतो, आम्हालाच ठाऊक नव्हतं. आत्यानं (माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते) बघितलं आणि म्हणल्या, अगं ती अंडं घालताना बूड उचलते, अंडं वरून पडतंय, खाली फळी आहे, तडकणार नाहीतर काय. त्यांच्या माहेरी टोपल्यात राख आणि वर काड असायचं. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागं लागले ते लागलेच.

दुकानात रंध्याचे छिलके फुकटच पडायचे, ते भरून दिले. कुरळे, हलके, दबले तरी परत फुगतात, ओल शोषतात, अंडं त्यात बरोबर खोबणीत बसतं. आजबी माझी पहिली पसंती हीच. पण छिलके वेगळे आणि आरा मशीनचा बारीक भुस्सा वेगळा हे लोकांना सांगून सांगून दमले मी. बारीक भुस्सा उडतो, कोंबडीच्या नाकात जातो, ओल्या अंड्याला चिकटतो. आणि प्लायवूड कापलेला तर अजिबातच नको, त्यात डिंक-केमिकल असतं, तो आम्ही कितीबी मागणी आली तरी पोत्यात घालत नाही.

तूस (भाताची टरफलं) पण करून बघितला, तेलंगणाच्या बाजूनं निजामाबादकडून गाड्या येतात त्यातला. खाली जमिनीवर पसरायला तूस चांगला, पण खोक्यात कोंबडी बसायच्या आधी पायानं उकरून गोल खळगा करते आणि तूस वाळूसारखा कोपऱ्यात सरकतो, मधे फळी उघडी पडते. छिलक्याच्या खाली एक थर म्हणून चालतो, एकटा नाही. उसाचं पाचट धारदार. ज्वारीचा कडबा कुट्टी करून टाकला तरी धांड्याचे तुकडे टोचतात, आणि खरं सांगू, आपल्याकडं कडबा जनावराच्या तोंडचा आहे, तो कोंबडीखाली घालायला माझं मन धजत नाही. बारदान लोकं हौसेनं घालतात, पण त्याच्या दोऱ्यात कोंबडीची नखं अडकतात आणि घडीत पिसवा लपतात. पेपर तर नकोच, पाय घसरतात.

गव्हांडा (गव्हाचं काड) मात्र चांगला निघाला, मऊ, पोकळ, स्वस्त. फक्त कुसळं झटकून घ्यायची आणि लांब काड चार-पाच बोटाएवढं कापून घ्यायचं, कारण लांब काड कोंबडीनं गिळलं तर गळ्याखालच्या पिशवीत त्याचा गोळा होतो.

आता ती गोष्ट, जी लिहावी का नाही यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. २०२१ ला सप्टेंबरच्या शेवटी गुलाब वादळाचा पाऊस आला, काढणीला आलेलं सोयाबीन रानात पाण्यात उभं होतं, तुम्हाला आठवतच असेल. दिवाळीच्या आसपास सोयाबीनचं भुसकट लई स्वस्त मिळालं. वरून कोरडं दिसत होतं. छिलके पुरत नव्हते म्हणून मी तेच पोत्यात भरून विकलं. एका ताईंनी सहा पोती नेली, खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली घातलं, एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली आणि आठवड्याच्या आत तोंड उघडून धापा टाकायला लागली. मरायलाच लागली एकामागं एक. उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे हे नशीब, तिथं मेलेलं पिल्लू नेलं, डॉक्टरांनी फाडून दाखवलं तर फुप्फुसात पांढरट-पिवळे दाणे. बुरशी. ओल्या भुसकटात वाढलेली, श्वासातून आत गेलेली, आणि त्यावर गोळी-औषध देऊन उपयोग होत नाही म्हणले. ती चूक माझी होती. मी स्वतः त्यांच्या गावाला गेले, पैसे दिले, पिल्लांचे पण दिले, राहिलेली सगळी पोती परत आणून जाळली. त्या ताई आजपण आमच्याकडूनच छिलके नेतात, त्यांनी मला एक शब्द वाकडा बोलला नाही ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून दुकानात नियम आहे, कुठलाबी माल आला की ताडपत्रीवर दोन दिवस कडक ऊन, मग मुठीत घट्ट दाबायचा, मूठ उघडल्यावर सुटा झाला तर ठीक, गोळा राहिला तर परत उन्हात. वास घ्यायचा. कुबट आला तर पोतं भरायचंच नाही. पोती फळ्यांवर ठेवायची, फरशीवर नाही. सोयाबीनचं भुसकट तर बंदच केलं, तसं पण त्याच्या शेंगांची टरफलं टोचतात.

विकताना मी आता पोत्याबरोबर बोलते पण. तीन-चार इंचाचा थर ठेवा, चार-पाच कोंबड्यांना एक खोका पुरे, खोका दीड-दोन फुटावर आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. कोंबड्या रात्री बसतात ती काठी खोक्याच्या वर पायजे, कारण कोंबडी सगळ्यात उंच जागा धरते, खोका उंच असला तर त्यातच झोपते आणि रात्रभर घाण करते, मग तुम्ही कितीबी भारी छिलके घाला. घाण दिसली तेवढी मूठ रोज काढा, आठवड्यानं सगळं बदला. रात्री बॅटरी घेऊन खोक्याचे सांधे बघा, लाल बारीक किडे दिवसा फटीत आणि रात्री कोंबडीच्या अंगावर असतात. आत्या कडुनिंबाचा वाळला पाला घालायला सांगतात, मी पण घालते, पण नुसत्या पाल्यावर भिस्त ठेवू नका, सगळं काढून खोका उन्हात तापवा, सांधे घासा.

अंडं धुण्यावरून तर रोज वाद. अंडं बाहेर येतं तेव्हा ओलं असतं, त्यावर एक पातळ थर असतो तो थोड्या वेळात वाळतो आणि कवचाची हजारो बारीक भोकं झाकतो. धुतलं की तो जातो आणि गार पाण्यानं तर घाण आत ओढली जाते. म्हणून धुवायची वेळच येऊ नये, त्यासाठीच हे छिलके. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे, बेचाळीस अंश, घरात कोंबडा असेल तर खोक्यात पडलेलं अंडं उन्हाच्या गर्मीनंच उबायला लागतं, फोडल्यावर आत लाल रेष दिसते ती त्याचीच. उन्हाळ्यात तीनदा उचला, कोंबड्या बहुतेक दुपारच्या आतच घालतात.

आता बचत गटातल्या चार जणी पोती भरायला येतात, उदगीर सोडून देगलूर, अहमदपूर, मुखेडला पण माल जातो. पावसाळ्यात आम्ही माल कमी विकतो, गिऱ्हाईक रागावतं, पण वाळलेलं संपलं की संपलं. यंदाचा गव्हांडा आणून ठेवलाय, पहिला पाऊस यायच्या आत सगळा कापून, वाळवून भरायचाय, म्हणून या आठवड्यात फोन उचलायला उशीर झाला तर परत एकदा लावा.