कॅसलरॉकचा घाट, माळ्यावरच्या फळीवर

गेल्या रविवारी खानापूरचे माझे मित्र त्यांच्या रेल्वे प्रतिकृतीचा नवा भाग घेऊन बेळगावला आमच्या घरी आले आणि दुपारभर आम्ही दोघे एकमेकांचे काम पाहत बसलो. त्यांनी लोंढ्याचे फलाट उभारले असून, त्यावरची लाल माती म्हणजे जांभ्या दगडाची चाळून घेतलेली भुकटी आहे, ही गोष्ट मला फारच आवडली.

माझ्या प्रतिकृतीत कॅसलरॉक स्टेशनच्या पुढचा, गोव्याकडे उतरणारा रेल्वेघाट आहे. मूळ घाटात चढ 37 ला 1 असा आहे, म्हणजे माझ्या फळीवर 37 सेंटिमीटरला एक सेंटिमीटर चढ येतो; त्यावर चार डब्यांपर्यंत इंजिन नीट ओढते, पाचव्या डब्याला मात्र चाके जागीच फिरू लागतात. मित्रांनी इंजिनात शिशाचा तुकडा ठेवण्याचे सुचवले आणि त्यामुळे खरोखरच फरक पडला.

रुळांचा प्रश्न मात्र अवघड आहे. 87 पट लहान प्रमाणात आपला 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, सुमारे 19.3 मिलिमीटर व्हायला हवा, पण बाजारात मिळणारा रूळ 16.5 मिलिमीटरचाच असतो. आमच्या लहानपणी इथून मीटरगेजची गाडी धावत असे, म्हणून मी तोच काळ निवडून 12 मिलिमीटरचा रूळ घेतला. खडी पसरून त्यावर पाणी घातलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडला. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब मिसळला की तो खडीत सहज झिरपतो.

पुढच्या भेटीपर्यंत पहिल्या बोगद्याचे तोंड पूर्ण करायचे आहे.