सिरिंजमधली हवा आणि माठातलं पाणी

आज आठवीच्या पोरांसमोर कणांचा धडा. साहित्य: 10 मिलीची सुई नसलेली सिरिंज, दोन काचेचे ग्लास, पोटॅशियम परमँगनेट.

सिरिंजमध्ये हवा 10 च्या खुणेपर्यंत ओढा, तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. साधारण दोन किलोंच्या जोरात तो 5 वर येतो, सोडला की परत मागे. कणांमध्ये मोकळी जागा आहे म्हणून. आता पाणी भरा. दट्ट्या हलतच नाही. हलला, तर आत बुडबुडा राहिलाय. सिरिंज उभी धरून, टिचक्या मारून तो आधी काढा. निम्मी पोरं इथेच चुकतात आणि "पाणीपण दबते ना सर" म्हणून मोकळी होतात!

आता एका ग्लासात गरम, दुसऱ्यात थंड पाणी घ्या आणि प्रत्येकात परमँगनेटचा एकच बारीक स्फटिक टाका. चिमूटभर टाकला की ग्लास लगेच जांभळा, मग बघायचं काय? आणि नागपुरात मे महिन्यात "थंड" म्हणून नळाचं पाणी घेऊ नका. गच्चीवरच्या टाकीतून ते चांगलं तापूनच येतं, मग दोन ग्लासांत फरकच दिसत नाही. माठातलं घ्या, दोन मिनिटं स्थिर होऊ द्या.

पुस्तकं एक गोष्ट गाळतात. गरम पाण्यात रंग झरझर पसरतो, त्यात पाण्यातल्या प्रवाहांचाच वाटा मोठा असतो. निव्वळ कणांच्या धडपडीने एक सेंटीमीटर सरकायला कित्येक तास लागतात. घन पदार्थातले कण तर जागच्या जागीच थरथरतात.