यंत्रमागाच्या शेडमधला उन्हाळा आणि जॉबरचं ‘सेवक नेतृत्व’: मोजायचं कसं?

प्रश्नावलीत ‘नेता’ लिहिलं की सोलापुरातल्या मागवाल्याच्या डोळ्यांपुढे नगरसेवक उभा राहतो, आणि ‘सेवक’ लिहिलं की शिपाई. रॉबर्ट ग्रीनलीफने सर्व्हंट लीडरशिपची, म्हणजे वरिष्ठाने आधी हाताखालच्यांची गरज बघायची, ही कल्पना १९७० मध्ये मांडली ती अमेरिकेत, टेलिफोन कंपनीत उभी हयात काढल्यावर. तिचं शब्दशः भाषांतर घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फिरलात, तर ‘आमचे मालक लई चांगले’ यापलीकडे हाती काही लागणार नाही. म्हणून विद्यापीठात नेतृत्व, आरोग्य आणि हवामान बदल असा तिहेरी विषय (वरिष्ठाच्या वागण्याने उन्हाळ्यात कामगाराच्या तब्येतीत फरक पडतो का) घेणाऱ्यांना पहिली सूचना: ‘नेतृत्व’ हा शब्दच प्रश्नांतून काढा.

शेडमध्ये ज्याच्या हाताखाली पाळी जाते तो माणूस जॉबर. प्रश्न त्याच्याबद्दल विचारा, आणि दिसेल-मोजता येईल असं विचारा. माग थांबवून पाणी प्यायला गेलं तर जॉबर काय म्हणतो? चक्कर आली म्हणून बसलेल्याचा माग तेवढा वेळ कोण सांभाळतं? तयार प्रश्नावल्या आहेतच. लायडेन आणि सहकाऱ्यांची २८ प्रश्नांची आहे, तिची ७ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. पण त्यात करिअर घडवायला वरिष्ठ किती मदत करतो अशा अर्थाचा प्रश्न येतो. नगावर मजुरी घेणाऱ्या, आधीच उचल घेतलेल्या कामगाराला तो विचारून काय मिळणार? तिथे ‘बिघडलेला माग दुरुस्त करताना जॉबर तुम्हाला शिकवतो का’ असा पर्याय टाका आणि तो बदल प्रबंधात उघड नोंदवा.

घरात तेलुगू बोलणारे पण तेलुगू लिपी न वाचणारे कामगार इथे भेटतात. त्यामुळे तेलुगू आवृत्ती तोंडी विचारायची. दुसऱ्या माणसाकडून ती उलट मराठीत आणून ताडून बघायची, मग दहा जणांना ‘या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं’ असं विचारायचं. मुलाखत शेडमध्ये घेऊ नका. मागांच्या खडखडाटात निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं जॉबर ऐकतो. सुट्टीच्या दिवशी घरी जा.

आता उष्णता. हवामान खात्याच्या वेधशाळेचा ४२ अंश हा आकडा शेडसाठी कामाचा नाही. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून आत ओलावा राखतात, वर पत्रा तापलेला असतो. त्यामुळे डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, म्हणजे तापमान, ओलावा आणि आजूबाजूची धग एकत्र धरणारा आकडा) मोजावा लागतो: घराच्या आत ०.७ गुणिले नैसर्गिक ओला तापमापक (ओली वात गुंडाळलेला), अधिक ०.३ गुणिले काळा गोळा (आत तापमापक असलेला). समजा ओला २७ आणि गोळा ४३ दाखवतो, तर १८.९ अधिक १२.९ म्हणजे ३१.८. मागावर उभ्याने चालणारं काम साधारण मध्यम कष्टाचं धरलं, तर उष्णतेला सरावलेल्या माणसासाठी आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा २८ आहे. उपकरण उभ्या कामगारासाठी जमिनीपासून १.१ मीटरवर, दोन मागांच्या मधल्या गल्लीत लावा.

इथे घोळ होतो तो तुसाने. तासाभरात वातीवर कापसाचं तूस बसतं, वात पाणी नीट ओढत नाही आणि ओला तापमापक खोटा वर चढतो. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षारही वातीत साचतात, तेव्हा बॅटरीसाठी विकतात ते डिस्टिल्ड पाणीच वापरा आणि वात रोज बदला. गोळ्यावर तूस साचलं की तो उशिरा तापतो, म्हणून प्रत्येक नोंदीआधी मऊ ब्रश फिरवा आणि तो स्थिरावायला निदान २५ मिनिटं द्या. घाईत पाच मिनिटांत घेतलेले आकडे सरळ फेकून द्यावेत.

आरोग्याची बाजू ‘तुम्हाला थकवा येतो का’ एवढ्यावर सोडली तर सगळा अभ्यास ढिला पडतो. जॉबरवर चिडलेला माणूस थकवाही जास्त सांगतो, मग दोन उत्तरांतला संबंध उगाच फुगतो. म्हणून जॉबरचे प्रश्न फेब्रुवारीत विचारा आणि शरीराची मोजमापं एप्रिल-मेमध्ये, वजनकाट्यावर घ्या. काटा ५० ग्रॅमपर्यंत अचूक हवा, वजन घामेजलेला सदरा काढून करायचं. पाळीआधी ५८.०, नंतर ५७.२, मध्ये २.१ लिटर पाणी-चहा, लघवी ०.२ लिटर. घाम म्हणजे ०.८ अधिक २.१ वजा ०.२, एकूण २.७ लिटर. डबा खाल्ला असेल तर जेवणाचं वजनही मिळवायचं. हे हमखास विसरतं आणि घाम अर्धा किलोने कमी दिसतो. निव्वळ घट वजनाच्या २ टक्क्यांवर गेली तर तो माणूस पुरेसं पाणी पीत नाहीये. आणि मोजणी चालू असताना कुणी बरळायला लागला, अंग तापलं, तर वही बाजूला. पाणी ओता, वारा घाला, १०८ लावा.

या सगळ्यात जॉबर नेमका कुठे येतो, तर पाण्याच्या हिशेबात. उष्णतेत काम करणाऱ्यासाठी शिफारस दर २० मिनिटांना साधारण २४० मिलीलिटर, म्हणजे तासाला ७२० मिली. शेडमध्ये २० माणसं असतील तर तासाला १४.४ लिटर. कोपऱ्यात ठेवलेला १५ लिटरचा माठ जेमतेम तासभर पुरतो! बारा तासांच्या पाळीला १७३ लिटर, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात ते जार कोण मागवतं, रिकामा झाल्यावर कोण बदलतं, माठ मागापासून किती पावलांवर आहे, हे तीन रकाने वहीत असू द्या. आमच्या मते प्रश्नावलीतल्या १ ते ७ गुणांच्या मोजपट्टीपेक्षा हे तीन रकाने जास्त बोलतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी २० टक्केच उष्णतेतलं काम आणि पुढे रोज २० टक्के वाढ, असा सराव जॉबर देतो का, हा चौथा.

एक खाचखळगा नमुन्याचा. एका शेडमधले कामगार एकाच जॉबरबद्दल बोलतात, म्हणून ३० शेडमधले प्रत्येकी ८ असे २४० जण म्हणजे २४० स्वतंत्र मतं नव्हेत. शेडअंतर्गत साम्य (एका शेडमधल्या उत्तरांचा सारखेपणा) ०.१ असेल तर २४० ला १.७ ने (१ अधिक ७ गुणिले ०.१) भागा, उरतात १४१. शिवाय चांगला जॉबर ठेवणारा मालक पत्रा कमी तापावा म्हणून त्याला चुनाही मारत असेल, तर श्रेय कुणाचं? छप्पर पत्र्याचं, सिमेंटच्या शीटचं की स्लॅबचं आणि त्यावर चुना आहे का, हे नोंदवल्याशिवाय विश्लेषणाला हात लावू नका.

हवामान बदलाबद्दल थोडकंच. एका उन्हाळ्याच्या नोंदींवरून उष्णता कळते, हवामान बदल कळत नाही. त्यासाठी वेधशाळेच्या निदान तीस वर्षांच्या नोंदी मागवा आणि कमालबरोबर किमान तापमानही बघा. रात्र थंड झाली नाही तर पत्र्याच्या घरात झोपलेला माणूस सकाळच्या पाळीला आधीच दमून येतो.

विडी वळणाऱ्या बायकांना हीच प्रश्नावली लावायचा मोह आवरा. त्या घरी बसून काम करतात, जॉबर समोर नसतो, विड्यांची छाट करणारा (खराब विड्या बाजूला काढणारा) माणूस कारखान्यात बसलेला. उपकरण तिथे ०.६ मीटरवर लावायचं, कारण काम बसून. आणि तंबाखू उडतो म्हणून पंखा दिवसातले किती तास बंद असतो, ते आधी विचारायचं.