खाडीवरचा चढ, बोट आणि फोर बाय फोर

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी गाडी, घेतली की कुठल्याही रॅम्पवरून बोट खाली-वर करता येते असं खूप जणांना वाटतं, आणि आता पावसाळा संपला की परत सगळ्यांच्या बोटी पाण्यात जाणार म्हणून हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे खाडीचा रॅम्प म्हणजे वर कोरडं काँक्रीट, मग हिरवं शेवाळ आणि खाली गाळ.

साधा हिशोब करा. सहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ धरा. गाडी १८०० किलो, बोट आणि ट्रेलर मिळून १२००. म्हणजे ३ टन वर न्यायचेत तर नुसत्या चढासाठीच साधारण ५०० किलोचा जोर लागतो. इंजिनला हे जड नाही हो, पण तो जोर टायरमधून जमिनीत उतरला पाहिजे ना, आणि बोट वर काढताना मागची चाकं नेमकी शेवाळावर असतात. टू व्हीलमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना असताना, ती जागच्या जागी फिरतात, फोर लो (चारही चाकांना जोर, तोही हळू गिअरमध्ये) टाकलं की कोरड्यावर असलेली पुढची चाकं ओढतात. खरा फायदा हा.

हँडब्रेकचंही तेच. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांना लागतो. थार, जिप्सीसारख्या गाडीत फोर व्हील टाकून ठेवलं तर पुढचा-मागचा एक्सल जोडलेला राहतो आणि पुढची चाकंही धरून ठेवायला मदत करतात. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधला जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा भाग) न्यूट्रलला मात्र अजिबात सोडू नका, मग पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा सुटते. चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायचाच आणि गाडी-ट्रेलरच्या मागे कोणालाही उभं राहू द्यायचं नाही, पोरांना तर नाहीच.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पाणी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास पूर्ण होते, मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, आणि सहा तासांनी तोच रॅम्प पार गाळापर्यंत उघडा पडतो, ट्रेलरचं चाक काँक्रीटच्या टोकावरून खाली गेलं तर ते परत वर काढणं महाकठीण. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर जाऊ नका. बोट टाकायची ती भरतीचे शेवटचे दोनेक तास राहिले असताना, काढायची तीही पाणी पूर्ण भरायच्या थोडं आधी किंवा थांबलेलं असताना. तेव्हा पाणी वरच्या स्वच्छ काँक्रीटपर्यंत आलेलं असतं, गाडी शेवाळात न्यावीच लागत नाही. ऐन भरतीच्या सुरुवातीला, खाली जाऊन बोट काढायला बघू नका, गाडी अडकली तर पाणी वाट बघत नाही.

आमच्या इथले कोळीवाड्यातले एक काका नेहमी सांगतात, "अरे, हिरव्याच्या वर गाडी ठेव, खाली दोर जाऊ दे." अगदी बरोबर आहे ते. गाडी वर सपाट कोरड्यावर, ट्रेलर हुकमधून सोडून पुढे जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं छोटं आधाराचं चाक) लावायचं आणि जाड लांब दोरावर हळूहळू खाली सोडायचा, परत काढतानाही तसंच ओढायचं. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी थांबायचं नाही.

बोटीचं बूच (तळाचं पाणी काढायच्या भोकाचं) वरच लावून घ्या, लाइटची वायर काढा, आणि लांबून आला असाल तर ट्रेलरच्या चाकांचे हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) गार होऊ द्या, गरम बेअरिंग पाण्यात गेलं की खारं पाणी आत खेचतं. घरी आल्यावर ट्रेलर, ब्रेक आणि गाडीची खालची बाजू त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.