तुमचं दार असं काळं का? तुम्ही विचारलंत म्हणून

दर गणपतीला कुडाळच्या घरी कोणीतरी येतं, पडवीत चप्पल काढतं, दारावरून हात फिरवतं आणि म्हणतं, अगं एवढं अस्सल सागवान आणि असं काळंमिचकुट्ट ठेवलंयत? एक पॉलिश का नाही मारून घेत? गेल्या वर्षी तर चुलतबहिणीच्या नवऱ्याने तिथेच उभं राहून मोबाईलवर पीयू पॉलिशचे, म्हणजे लाकडावर प्लास्टिकसारखा चकचकीत थर देणाऱ्या पॉलियुरेथेनचे, फोटो दाखवले मला. मी दर वेळी हसून "बघू मे महिन्यात" म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. यावेळी एकदाच सगळं लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

पहिली गोष्ट, ते काळं म्हणजे मळ नाही. ते काजूच्या टरफलाचं तेल आहे, रॉकेलमध्ये पातळ करून लावलेलं, आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. अप्पा लावायचे, आता मी लावते. काजूचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, बिब्बा उततो ना तसंच, कारण बिब्बा, काजू, आंबा हे सगळे एकाच कुळातले. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून साधे स्वयंपाकघरातले हातमोजे घातले होते, मनगटापाशी तेल आत गेलं आणि पंधरा दिवस मनगटावर बांगडीएवढा पट्टा सोलून निघत होता. पण वाळवीला ते आवडत नाही, आणि पाण्यात लाकूड टिकावं म्हणून होड्यांनासुद्धा लावतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास करण्यापेक्षा पॉलिश बरं. तर ऐका, पॉलिश मी करून बघितलंय.

2015 साल होतं. पुण्यात माझी नोकरी बरी चालली होती, घराला हातभार लावायचा म्हणून अप्पांना म्हटलं, अप्पा, यावेळी पडवीचं सगळं मी बघते, तुम्ही फक्त बसा. अप्पा म्हणाले, "बघ बाय, तुझ्या मनाक येयत ता कर." त्यात परवानगी किती होती आणि शंका किती होती ते मला तेव्हा कळलं नाही, खरं म्हणजे कळून घ्यायचंच नव्हतं. पडवीची शेणाची जमीन काढून टाइल्स घातल्या. खांबांना मशीनने घासून, खाचांमध्ये लांबी (पुट्टी) भरून, तीन हात पीयू. आठ दिवसांत पडवी अशी चकाकायला लागली की रिसॉर्ट वाटावं. मी फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, तुमच्यापैकीच सगळ्यांनी अंगठे दिले होते, आठवतंय?

आमचे खांब तळखड्यावर उभे होते, म्हणजे जमिनीच्या वर वीतभर आलेल्या घडीव दगडावर. टाइल्सवाल्याने भर घालून जमीन उचलली आणि तळखडे गाडले गेले. टाइल खांबाच्या अंगाला भिडवून कडेने सिमेंट भरलं, छान फिनिशिंग दिसतं म्हणून. मीच म्हटलं होतं फट राहू देऊ नका, झुरळं होतात. हे वाक्य मी कोणाला सांगत नाही. आज सांगतेय.

2019 च्या गणपतीत, आदल्या दिवशी संध्याकाळी, भाचा लायटिंगची माळ लावत होता. एक टोक वर बांधून झालं, दुसरं खाली खांबाला मारायचं म्हणून त्याने खिळा धरला आणि हातोडी मागितली. मी आतून हातोडी घेऊन येईपर्यंत तो म्हणाला, मावशी, राहू दे, गेला. अंगठ्याने गेला होता. चार इंची खिळा, सागवानात, अंगठ्याने. मला आधी काही कळलंच नाही, मी म्हटलं लांबीत गेला असेल. मग त्याने खिळा ओढून काढला तर भोकातून माती आली. लाकडाचा भुसा नाही हो, माती, लाल, ओलसर, आपल्या परसातली असते ना तशीच. भोकाच्या बाजूला बोट दाबलं तर पीयूचा पापुद्रा पापडासारखा मोडला आणि आत हात घालण्याएवढी पोकळी. वाळवीने आतलं सगळं खाऊन वरची कातडी तशीच ठेवली होती, आणि कातडी चकाकत होती.

अप्पा झोपाळ्यावर बसले होते. उठून आले, वाकून बघितलं, आणि एक शब्द न बोलता मागच्या दारी गेले. मला वाटलं रागावले. परत आले ते सूप घेऊन. खाली बसून त्यांनी ती सगळी माती हाताने सुपात भरली आणि नेऊन माडाच्या आळ्यात टाकली. त्यांच्या आजोबांनी उभा केलेला खांब. रात्री जेवताना मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "उद्या गणपती हा, आधी वाढ." त्या वर्षी गणपती पडवीच्या दुसऱ्या बाजूने आत आणला, खांबाला बांबूचा टेकू होता आणि आम्ही त्याला तोरण बांधून लपवला होता. तुम्हीच म्हणाला होतात डेकोरेशन वेगळं केलंयत यंदा.

सुतार आले ते गौरी-गणपती गेल्यावर. अप्पांच्याच वयाचे. त्यांनी खांबाकडे बघितलंच नाही, आधी खाली बघितलं. टाइलवर पायाने टकटक केलं आणि म्हणाले, "बाय, खांबाक पाय सुके होये." बस. पॉलिशला एक शिवी नाही, मला एक शिवी नाही. भालीला, म्हणजे खांबावरच्या आडव्या तुळईला, टेकू देऊन त्यांनी खालचा अडीच फुटांचा भाग कापला, तळखडा परत उघडा केला, आणि नवा तुकडा जोडला तो नीट बघितलं तर अजून दिसतो.

मग मी वाचत बसले, विचारत बसले, जे आधी करायला हवं होतं. लाकूड उभ्या रेषेत, म्हणजे बुडाकडून वर, पाणी जसं ओढून घेतं तसं अंगातून घेत नाही. बुंध्याचा कापलेला भाग म्हणजे नळ्यांची जुडीच. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जमीन चार महिने ओली. पूर्वी खांबाने दगडावरून थोडं पाणी ओढलं तरी उघड्या अंगाने ते उडून जायचं. मी अंगावर प्लास्टिकचा रेनकोट चढवला आणि पाय बादलीत ठेवले. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ते कुजत नाही. सागवान टिकतं ते गाभ्याचं, बाहेरचा पांढरा भाग वाळवी बिस्किटासारखा खाते, आणि जुन्या खांबांना तो पांढरा भाग थोडाफार असतोच.

म्हणजे दोष पॉलिशचा की टाइल्सचा? इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर मोठा दोष टाइल्सचा आणि माझ्या त्या झुरळांच्या वाक्याचा. पीयूने फक्त लपवलं. पण लपवणं कमी आहे का? तेल लावलेला खांब असता तर पहिल्याच वर्षी काळपट ओल वर चढलेली दिसली असती, वाळवीचं मातीचं नळकांडं दिसलं असतं. अप्पा दर चैत्रात सोडणाच्या (नारळाच्या काथ्याच्या) कुंचल्याने तेल लावायचे तेव्हा खरं काम तेलाचं नव्हतंच बहुतेक, वर्षातून एकदा माणूस प्रत्येक खांबासमोर उकिडवा बसायचा, हे काम होतं. हे मी 2015 मध्ये म्हटलं असतं तर मीच मला गावठी म्हटलं असतं.

आणि उगाच तेलाची आरती ओवाळत नाहीये मी. बेलतेल पावसाळी हवेत बुरशीला खाऊ घालतं, पश्चिमेच्या खिडकीला गेल्या श्रावणात काळे ठिपके आले ते सोडा लावून घासले तरी पूर्ण गेले नाहीत. नवं तेल आठ-आठ दिवस चिकट राहतं, एकदा आत्याचं नऊवारी दाराला चिकटलं, ती अजून बोलून दाखवते. आणि तेलाचे बोळे एकत्र गोळा करून टाकू नका कृपा करून, बेलतेल वाळताना तापतं आणि बोळ्यांचा ढीग आपोआप पेटतो, अप्पा ते दोरीवर एकेक पसरून वाळवायचे आणि मी लहानपणी त्याला कंजूषपणा समजायचे.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये माझ्या डायनिंग टेबलला पीयूच आहे आणि मी खूश आहे. तिथे ना ऊन ना पाऊस, चहाचा कप ठेवला तरी चालतं, पूर्वीच्या चपडीच्या (लाखेच्या) पॉलिशवर ओला पेला ठेवला की पांढरी चकती उठायची ती भानगड नाही. त्यामुळे मला तत्त्व वगैरे चिकटवू नका.

अजून एक, माळ्यावरचे वासे. त्यांना तर कोणी कधी काहीच लावलं नव्हतं, चुलीचा धूर होता. गॅस आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला, होणारच, तिचे डोळे त्या धुरात गेले. पण तो धूर कीड लांब ठेवायचा, आता वाशांखाली पिवळं पीठ पडायला लागलंय. चूल परत पेटवा म्हणणाऱ्या काकांना मी सांगितलं, पेटवा की, फुंकायला तुम्ही बसा.

राहिलं दार. त्या पीयूच्या वर्षी दार वाचलं कारण पैसे संपले. एवढंच. त्यात माझं काही शहाणपण नाही. पावसात ते फुगतं, खालून घासतं, दिवाळीला आपोआप सुटतं. सुताराला रंधा मारू का विचारलं तर म्हणाले मारलास तर उन्हाळ्यात फट पडेल. तर ते तसंच आहे, फुगणारं आणि काळं.

चारपैकी तीन खांबांच्या बुडाची टाइल मी फोडून घेतलीये. चौथा कोपऱ्यातला, त्याच्या भोवतीचं सिमेंट फोडायचं तर सगळी लाइन उखडते, म्हणून दर मे महिन्यात पुढे ढकललं जातंय. मी जाते तेव्हा बोटाच्या पेराने वाजवून बघते, अजून भरीव वाजतो, निदान मला तरी तसं वाटतं. यंदा याल तेव्हा पॉलिशवाल्याचा नंबर नको, टाइल हळू हाताने काढणारा कोणी माहीत असेल तर सांगा.