आडनावाचा पुरावा जोडा

आधी कामाचं सांगतो. तहसील कार्यालयातून जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढायच्या असतील आणि तुमचं आडनाव हुद्द्यावरून पडलेलं असेल, तर अर्जात आडनावाला फार जागा देऊ नका. गाव, माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, अंदाजे साल, एवढंच लिहा. हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर एक आख्खा पावसाळा वाचला असता.

मी सारंग. गाव सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. तालुका सांगत नाही, कारण पुढे त्याच तालुक्याच्या ऑफिसबद्दल बरंच बोलायचं आहे. मुंबईत कुठेही फॉर्म भरताना मला हमखास ऐकावं लागतं, "हे नाव झालं, आडनाव सांगा." पुण्या-मुंबईकडे सारंग हा मुलगा असतो. आमच्याकडे सारंग म्हणजे गलबतावरचा माणूस. फारसीत सरहंग म्हणजे तुकडीचा मुख्य, त्याचा दर्यावर सारंग झाला. इंग्रजांनी त्यालाच सेरँग म्हटलं आणि १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात घातलं. तांडेल आणि नाखुदाही त्याच कोशात सापडतात. देशी गलबतावर तांडेलच सर्वेसर्वा असायचा, आगबोटीवर मात्र सारंग वर आणि तांडेल त्याच्या हाताखाली, मग सुकाणी, मग खलाशी. ही उतरंड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शोध सुरू झाला तो घरातल्या भांडणातून. आत्येचं म्हणणं, आपण मूळचे हर्णैचे, सुवर्णदुर्गाच्या आरमारातले. थोरले काका म्हणायचे, छे, आपण विजयदुर्गाचे; गिर्येच्या गोदीत गलबतं बांधत तेव्हापासून आपण मराठी आरमाराच्या धुळपांच्या चाकरीत. दोघांकडे कागद एकही नाही, आवाज मात्र भरपूर. दर गणपतीत आरती झाली की हा विषय निघायचाच. शेवटी म्हटलं, बघूया तरी.

आडनाव कुठे कुठे आहे ते शोधणं त्यामानाने सोपं गेलं, फक्त डोळे गेले. निवडणुकीच्या याद्या पीडीएफमध्ये मिळतात, पण त्या चित्रासारख्या असतात, आडनाव टाकून शोधता येत नाही. गावागावाची यादी उघडायची आणि बोट ठेवून वाचायची. इंटरनेटवर नुसतं सारंग टाकलंत तर संगीतातला राग येतो, गावोगावचे सारंग नावाचे तरुण येतात आणि भोपाळचे राजकारणी सारंग येतात. भोपाळला समुद्र नाही, तेव्हा तिकडे फार वेळ घालवू नका.

मला जी घरं सापडली ती हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत, आणि पुढे कारवारकडे. जवळजवळ सगळी बंदराच्या नाहीतर खाडीकाठच्या गावांत. सह्याद्रीच्या बाजूला दहा-बारा मैल आत गेलं की आडनाव संपतं. आणि ते एका जातीचं नाही. गाबीत या दर्यावर्दी जातीत सारंग आहेत, कोकणी मुसलमानांतही आहेत. तांडेल उत्तरेकडे, पालघरपासून दमण-वलसाडपर्यंत दाट. सारंग खाली दक्षिणेकडे आणि विरळ. आत्येला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मुसलमान सारंग आपले कोण?" कोणी नव्हेत आणि सगळेच, असं काहीतरी मी बोललो, ते तिला पटलं नाही.

आता ऑफिस.

गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशाने मेलं, हे कोतवालाच्या सांगण्यावरून लिहिलेलं असतं. ही पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात, म्हणजे बोलीभाषेत रेकॉर्ड रूममध्ये, कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात. मला पणजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्या नोंदी हव्या होत्या. नक्कलेसाठी छापील अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. अर्जात रकाना होता, "ज्याच्या नावे नोंद आहे त्याचे संपूर्ण नाव". मी आडनावासकट भरलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं, "सदर नावाची नोंद आढळून येत नाही."

खिडकीवरच्या कारकुनांना विचारलं, कुठली वर्षं बघितली? ते म्हणाले, तुम्हीच नक्की साल सांगा. मी म्हटलं, ते माहीत असतं तर आलोच नसतो. मग म्हणाले, जुनं सगळं रत्नागिरीला आहे, जिल्हा नंतर झाला ना. सिंधुदुर्ग रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ ला, हे खरं. पण तालुका काही त्या दिवशी जन्मला नव्हता. तरी गेलो. तिथल्या एका सभ्य माणसाने पाच मिनिटांत सांगितलं की कोतवाल बुकं ज्या त्या तालुक्यातच असतात, आणि परतीची एसटी कितीला आहे तेही सांगितलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात सरकारी माणसाकडून मिळालेलं ते पहिलं सरळ उत्तर.

परत खिडकी. आता रेकॉर्ड कीपर निवडणुकीच्या कामावर. नंतर साहेब मिटिंगला. नंतर रजिस्टर जीर्ण झालंय, हात लावला की तुकडे पडतात, साहेबांच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. परवानगीचा अर्ज दिला. त्यावर जे उत्तर आलं ते मी फ्रेम करून लावणार आहे: "अर्जदाराने आडनावाबाबतचा सबळ पुरावा जोडावा." म्हणजे माझं आडनाव कुठून आलं ते शोधायला मी कागद मागतोय, आणि कागद हवा असेल तर आडनाव कुठून आलं त्याचा पुरावा आणायचा. मी तिथेच जरा मोठ्याने बोललो. शिपाईदादांनी चहा आणून दिला, कागद मात्र कोणी दिला नाही.

कारकुनांची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हापासून या खोल्यांना उसंत नाही. मोडी वाचणारी माणसं कमी, अर्ज ढिगाने. पण त्या मोहिमेचा एक फायदा आहे, तो घ्या: बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदींची पानं आपल्या संकेतस्थळावर चढवली आहेत. तुम्हाला हवं ते नाव त्यात नसेल, पण तुमच्या गावचं पुस्तक कुठल्या सालापासून आहे, मोडीत आहे की बाळबोधीत, हे घरबसल्या कळतं. खिडकीवर "इतकं जुनं रेकॉर्डच नाही" असं कोणी म्हटलं तर पानाची छापील प्रत पुढे सरकवायची. मी सरकवली. चेहरा बघण्यासारखा होता.

तरी पुस्तक निघेना. तेव्हा माहितीचा अधिकार. इथे बहुतेक लोक नक्कल मागतात आणि परत "आढळून येत नाही" वर येऊन थांबतात. नक्कल मागू नका, पाहणी मागा. २००५ च्या कायद्यात माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे तिच्यात दस्तऐवज बघणं आणि टिपणं काढणं दोन्ही येतं. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मी लिहिलं: अमुक गावचं नमुना १४, अमुक ते अमुक वर्षं, प्रत्यक्ष पाहणी. आडनावाचा उल्लेख नाही. पोच घ्या, आवक क्रमांक घ्या, तारखेचा शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. आमच्याकडे शिक्क्यावरची तारीख दोन दिवस मागेच राहिली होती.

तीस दिवस उलटले, उत्तर नाही. कायद्याने ते नकारच धरलं जातं, आणि मग पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. सुनावणीला मी कागदांची फाइल घेऊन तयारीने गेलो होतो, वकिलासारखा. अपिलीय अधिकारी बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, माहिती अधिकाऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुस्तक आहे ना? मग बघू देत की त्यांना." इतकंच. माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. आनंद झालाच, पण इतक्या सोप्या वाक्यासाठी इतके महिने, याचा राग अजून गेलेला नाही.

पाहणीला जाताना मोडी वाचणारा सोबत न्या. मोबाइलवर फोटो काढून नंतर वाचू म्हणाल तर आधी लेखी परवानगी मागून ठेवा, नाहीतर ऐनवेळी हात धरतात. पुराभिलेख खात्याचं मोडीचं प्रशिक्षण घेतलेले लोक सापडतात. माझ्याबरोबर एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांना गावाचं नाव, आमच्या घरातली सगळी जुनी नावं आणि दर्यावरच्या हुद्द्यांची यादी आधीच लिहून दिली होती, त्याचा फार उपयोग झाला. मोडीत अक्षरं जोडून येतात, शब्द तुटत नाहीत. काय शोधायचंय ते ठाऊक असेल तरच नजर ठरते.

आणि तिथे उलगडलं की नोंद "आढळून" का येत नव्हती. आडनावाचा रकानाच नाही. माणसाचं नाव, पुढे बिन, पुढे बापाचं नाव, जात गाबीत, झालं. क्वचित कुठे नावामागे सारंग लिहिलेलं. पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत आहे. त्यांच्या सख्ख्या भावाच्या नोंदीत, बाप तोच, गाव तेच, वाडी तीच, तिथे लिहिलंय तांडेल. तिसऱ्या भावापुढे काहीच नाही, तो बहुधा शेती बघत असावा. खिडकीवर बसून सारंग आडनावाची माणसं शोधणाऱ्याला यातला फार तर एकच भाऊ सापडला असता, आणि कुणी नीट शोधलं असतं तरी ते तिघे भाऊ तीन घराण्यांचे ठरले असते.

गावी वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं ते माझंच. "अरे झिला, सारंग म्हंजे हुद्दो रे. गलबतार जो सारंग, तेच्या पोरांक लोक सारंगाची पोरां म्हणत. आडनाव मागसून इलां." शाळेत नाव घालताना मास्तरांना आडनाव हवं असायचं, बोटीवर चढताना शिपिंग ऑफिसला हवं असायचं. ज्याचा बाप त्या वेळी ज्या हुद्द्यावर, तेच कायमचं चिकटलं. म्हाताऱ्या खलाशांशी बोलायचं असेल तर जून-जुलैत जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, लोक घरी सापडतात. गणपतीत जाऊ नका, सगळे चाकरमान्यांच्या गडबडीत असतात आणि ऑफिसंही बंद.

म्हणजे आत्ये आणि काका यांच्यात कोण बरोबर? माझ्या मते प्रश्नच चुकीचा होता. हे आडनाव एका गावातून निघून पसरलेलं नाही. जिथे आरमार होतं, जिथे गलबतं लागत, जिथून माणसं मुंबईला आगबोटीवर भरती होत, त्या प्रत्येक बंदरात ते आपापलं तयार झालं, हिंदूंत आणि मुसलमानांतही. म्हणून नकाशावर ते खाडीच्या तोंडांवर ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतं आणि मध्ये मैलोनमैल काही नाही. नाखुदावरून पडलेल्या नाखवा या आडनावाचंही तसंच. नाखुदा म्हणजे नौकेचा धनी, आणि ही पदवी वेरावळच्या १२६४ च्या संस्कृत-अरबी लेखात होर्मुझच्या एका जहाजमालकाच्या नावाला लागलेली आहे. पण म्हणून आपल्या किनाऱ्यावरचा प्रत्येक नाखवा होर्मुझहून आला असं कोणी म्हणत नाही. काकांना हे ऐकवलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण पहिला सारंग विजयदुर्गालाच झाला असणार.

मुंबईतल्या सारंगांसाठी वेगळी वाट आहे. घरात कोणी आगबोटीवर होतं का विचारा आणि जुनी सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, शोधा. त्यात हुद्दा लिहिलेला असतो, कोणत्या बोटीवर कधी चढला-उतरला ते असतं आणि बहुतेकदा गावही. आमच्या घरी आजोबांचं निघालं, आत्येच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली. भांडताना तिला ते कधी आठवलं नव्हतं.

जमिनीच्या कागदांचं सांगायचं राहिलं. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जुने फेरफार, सातबारा स्कॅन करून ठेवलेत, पण शोध गट किंवा सर्व्हे नंबरने, नावाने नाही. तेव्हा आधी गावातून नंबर काढून आणा. आणि दर्यावरच्या माणसाच्या नावावर जमीन फार नसते, घराची जागासुद्धा कित्येकदा खोताची असायची. १९४९ च्या कायद्याने खोती गेल्यानंतरचे फेरफार त्यातल्या त्यात उपयोगी पडतात.

आता कारवारकडचे सारंग राहिलेत. तो जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे काही कागद मुंबईला पुराभिलेखात मिळतील अशी आशा आहे. तिथला अर्ज भरून ठेवलाय. आडनावाच्या रकान्यात रेघ मारली आहे.