टिलर (सुकाणूचा दांडा) जड का लागत होता
रविवारी गिरगाव चौपाटीवर शिडाच्या बोटींची रेस होती आणि शनिवारी सकाळी बोट चालवणारी आमची स्किपर पोरगी उजवा तळहात पुढे करून आली, सालपटं निघालेली. म्हणाली, काका, टिलर इतका ओढतोय की दोन राउंडनंतर हात वर होत नाही.

बोट होबी 16, दोन सांगाड्यांची कॅटमरान. होबी आल्टरने कॅलिफोर्नियात बनवलेली ही बोट मुळात किनाऱ्यावरून ढकलून सोडायची, म्हणून पाण्यात खाली जाणारी फळी, म्हणजे बोर्डच नाही, दोन्ही हल (बोटीचे सांगाडे) एका अंगाने फुगीर आणि त्यांच्याच आकारावर ती आडवी सरकायची थांबते. डोलकाठी जास्त मागे झुकली की शिडाचा जोर मागे जातो, बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते आणि सगळा भार टिलरवर. त्यामुळे आठवडाभर जो तो येऊन डोलकाठी पुढे घे सांगत होता आणि शराउड, म्हणजे काठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा, दोन भोकं वर गेले होते. मी मेन हॅलयार्ड (मोठं शीड वर चढवायची दोरी) पुढच्या तारांच्या जोडापर्यंत, म्हणजे ब्रायडलपर्यंत ताणून खूण केली, तीच दोरी मागे नेली तर ट्रान्समच्या, म्हणजे हलच्या मागच्या टोकाच्या, वरच्या कडेलाच संपली. काठी मागे झुकलेली असती तर ती आणखी खाली पोचली असती. काठी चांगली उभी होती! वर पोरीची दुसरी तक्रार, बोट वाऱ्यावर चढत नाही. काठी इतकी पुढे घेतल्यावर ते तर होणारच.

मग मी म्हटलं चल, मी येतो क्रू म्हणून. दुपारचा पश्चिमेचा वारा भरला होता, ट्रॅपीझवर (डोलकाठीच्या तारेला बांधून बोटीबाहेर) लटकून मी शिडाकडे बघायचं सोडून मागे बघत बसलो. वाऱ्याचा पफ (झोत) आला, बोट पळाली आणि डाव्या सुकाणूचं पातं हळूच मागे झुकलं, पार उचललं नाही, जेमतेम दोन इंच, पण पातं मागे गेलं की पाण्याचा दाब सुकाणू ज्या पिनवर फिरतं तिच्या रेषेपासून लांब पडतो आणि तेवढीच तरफ हातावर येते. ही डोलकाठीची भानगडच नव्हती.

वाळूवर बोट आडवी करून मी पात्याचं टोक दाबलं तर हललं. सुकाणूचं धातूचं कास्टिंग उघडलं, आतला पातं खाली अडकवून ठेवणारा प्लास्टिकचा कॅम एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला, स्प्रिंगचा स्क्रू हाताने फिरेल इतका सैल. स्टोअरमधल्या जुन्या बोटीचा कॅम काढून बसवला, स्क्रू आवळला, उजव्याचाही बघितला, आणि शराउड परत दोन भोकं खाली घेतले, कारण तिची रेसची सेटिंग तीच बरोबर होती, आम्हीच उगाच बिघडवली होती, याचं मला खरंच वाईट वाटलं.

रविवारी तिसऱ्या लेगला (टप्प्याला) ती वाऱ्याकडच्या वरच्या मार्कवर (वळसा घ्यायच्या खुणेवर) दोन बोटींच्या पुढे होती. शेवटी चौथी आली. उतरल्यावर काही बोलली नाही, फक्त दोन बोटांत काहीतरी हलकं धरल्यासारखा हात करून मला दाखवला.